वाफ्यावरची हिरवी मखमल



मिरची-टोमॅटोच्या वाफ्यावर हिरवी मखमल दिसली, की पुष्कळजण लगेच मोरचुदाचे पाणी ओततात. "शेवाळ रोपांचे अन्न खाते" ही समजूत. जरा थांबा, आधी ते जवळून पाहा. पाण्यातल्या शेवाळासारखे ते बुळबुळीत नाही. इवल्या पानांची दाट रोपे आहेत. हे मॉस. याला खरी मुळे नसतात, नुसत्या धाग्यांनी ते माती धरते. तुमच्या रोपाचे अन्न ते काय पळवणार?

एकाच कुळातली दोन मॉस आपल्याकडे भेटतात. एक फ्युनारिया हायग्रोमेट्रिका; फ्युनारिया हे नाव मुलांच्या शाळेच्या पुस्तकातही असते. दुसरे फिस्कोमिट्रियम सायथिकार्पम. नुसत्या पानांवरून फरक करणे मलाही जड जाते. बोंडे धरली की ओळख पटते. फ्युनारियाचा देठ लांब, बोंड वाकडे, मान खाली घातलेले. पिकलेला देठ सुकला की पीळ घेतो आणि ओलीने उलगडतो. बोट ओले करून लावा, बोंड फिरताना दिसेल. हायग्रोमेट्रिका म्हणजे ओल मोजणारे, ते यावरूनच. भिंगातून पाहिल्यास बोंडाच्या तोंडाशी बारीक दात दिसतात. हवा कोरडी झाली की ते उघडतात व बीजाणू थोडेथोडे सोडतात. फिस्कोमिट्रियमचे बोंड आखूड देठावर ताठ. झाकण पडले की पेल्यासारखे उघडे तोंड, दात मुळीच नाहीत. (याच कुळातल्या एका मॉसचा संपूर्ण जनुकीय आराखडा २००८ साली प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञांना त्याचे मोल कळले, आपण मात्र खरवडून फेकतो.)

जागाही पाहा. विस्तव पेटलेल्या जमिनीवर फ्युनारिया आधी येते. कोकण-मावळातल्या वाचकांनी शेकोटीच्या जागा व राबाच्या कडा पाहाव्यात. तेथे चिंता नको. फिस्कोमिट्रियमला उघडी, सतत ओली माती लागते. ते वाफ्यावर पसरले तर पाणी जास्त होते आहे, आणि अशाच ओलीत रोपे कोलमडतात. नुकसान करणारी बुरशी आहे, मॉस नव्हे.

मोरचुदाने मॉस मरेल, पण ओल राहील आणि तांबे मातीत साठत जाईल. त्यापेक्षा गादीवाफा उंच करा, बी विरळ पेरा, झारीने सकाळी पाणी द्या व वरची माती सुकल्याशिवाय पुन्हा देऊ नका. मॉसची जाड साय धरली असेल, तर खुरप्याच्या टोकाने हलकेच मोडा. रोपांची मुळे मात्र सांभाळा.