54 म्हणजे नेमकं काय चोपन्न?

पुणे ग्रँड टूर पाहून रोड बाइक घ्यायचं मनात आलं, की खडकवासल्याच्या टपरीवर पहिला सल्ला ठरलेला : "उंची पाच-आठ ना? मग डोळे मिटून 54 घे." सांगणारा दर रविवारी सिंहगड चढणारा असतो, म्हणून ऐकणारा खरोखरच डोळे मिटतो.

या आकड्याला एकेकाळी अर्थ होता, हे मान्य. तासाच्या भाड्याने मिळणारी बावीस इंची किंवा चोवीस इंची सायकल म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीची लांबी. वरची नळी जमिनीला समांतर, त्यामुळे एक माप कळलं की उरलेल्या सांगाड्याचा अंदाज यायचा. 1990 च्या दशकात जायंटने आपल्या टीसीआर या रोड बाइकची वरची नळी मागे उतरती केली, उभी नळी आखूड झाली आणि हळूहळू बाकीच्यांनीही तेच केलं. आकडे मात्र चिकटून राहिले. आजच्या 54 च्या उभ्या नळीला टेप लावा, 54 सेंटिमीटर क्वचितच भरतील.

यावर जरा जाणता गडी म्हणतो, "उभी सोड, वरच्या नळीची आडवी लांबी बघ." हेही फसवं. ती लांबी सीटच्या नळीच्या कोनावर अवलंबून असते. कोन एका अंशाने उभा केला, की ती कागदावर सेंटिमीटरभर आखूड दिसते. पण सीट रुळावर मागे सरकवून आपण आपल्या नेहमीच्या जागी बसलो, की हँडल होतं तिथेच!

मग तुलना कशाने करायची? स्टॅक आणि रीच या दोन मापांनी. दोन्ही पॅडल ज्याभोवती फिरतात त्या आसाच्या मध्यापासून हँडलखालच्या पुढच्या नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आडवं अंतर म्हणजे रीच. सीटचा यात संबंधच नाही, म्हणून ही मापं कोणत्याही दोन फ्रेमना लावता येतात.

पण इथेही नुसता रीच वाचणारे घसरतात. स्पेशलाइज्डच्या टारमॅक एसएल7 चं उदाहरण घ्या. 52 चा स्टॅक 527 मिलिमीटर, रीच 380. 54 चा स्टॅक 544, रीच 384. फरक चारच मिलिमीटर, असं वाटतं. मात्र पुढची नळी मागे कललेली असते. 52 वर स्पेसर, म्हणजे हँडलखालच्या कड्या, घालून हँडल 17 मिलिमीटर उचललं, की ते पाचेक मिलिमीटर मागेही येतं. म्हणजे सारख्या उंचीवर खरा फरक नऊ मिलिमीटरचा. तोही सेंटिमीटरभर लांब स्टेम, म्हणजे हँडल धरणारा आखूड दांडा, लावून भरून निघतो. उलट, 54 चंच लेबल लावलेली रेसिंग फ्रेम आणि लांब पल्ल्याची एंड्युरन्स फ्रेम यांच्या स्टॅकमध्ये दोन-तीन सेंटिमीटरचं अंतर सहज असतं. 52 की 54 यावर तासभर वाद घालणारे हा फरक बघतही नाहीत, आणि सिंहगड उतरताना मनगटं भरून आली की दोष हातमोज्यांना देतात.

राहिला शेवटचा दाखला : "रेसर एक साइज लहानच घेतात." घेतात काही जण. त्यांना हँडल खाली हवं असतं, आठवड्याला शेकडो किलोमीटर वाकून बसायची सवय असते, शिवाय दिमतीला मेकॅनिक असतो. आठवडाभर हिंजवडीत खुर्चीवर बसणाऱ्या पाठीने त्यांची नक्कल का करावी?

"एवढं मोजत कोण बसतं?" असं दुकानदार म्हणेल. टेप, लेव्हल आणि भिंत पुरते. सपाट जमिनीवर सायकल सरळ उभी करा, पुढचं चाक भिंतीला टेकवा. भिंतीपासून पॅडलच्या आसाच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या, त्यातून भिंतीपासून पुढच्या नळीच्या माथ्यापर्यंतचं वजा करा, हा रीच. याच दोन बिंदूंच्या जमिनीपासूनच्या उंचींची वजाबाकी म्हणजे स्टॅक. आधी स्वतःच्या सायकलीचे आकडे काढून ठेवा, ती अंगाला बसत नसेल तर बसते अशी मित्राची मागून आणा. स्पेसर आणि स्टेमची लांबीही शेजारी टिपा. मग कोथरूडच्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सेकंड हँड फ्रेम बघायला जाल, तेव्हा विकणाऱ्याने "परफेक्ट 54 आहे, साहेब" म्हणेपर्यंत तुमचा टेप भिंतीला लागलेला असू द्या.