आधी म्हणणे ऐका, मग सनद रोखा

१. "वकिलाचे निलंबन तात्पुरतेच असते, सुनावणी नंतर घेऊ," असे म्हणणाऱ्यांनी तालुका कोर्टातली एक सकाळ पाहावी. प्रकरण पुकारले जाते, वकील नाही. जामीन अर्जावर पुढची तारीख पडते आणि पक्षकार तोवर कोठडीतच. वकील पुढे निर्दोष ठरला तरी ते दिवस कोणी परत देत नाही, आणि अशिलाने दुसऱ्याला दिलेले वकीलपत्रही सहसा परत येत नाही.

२. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाचे कलम ३५ स्पष्ट आहे. बार कौन्सिलच्या तीन जणांच्या शिस्तपालन समितीने नुसती समज द्यायची म्हटली, तरी आधी वकिलाचे म्हणणे ऐकावे लागते.

३. हा दंडक सर्वोच्च न्यायालयानेही स्वतःला लावून घेतला. १९९५ मध्ये विनयचंद्र मिश्र यांना अवमानाबद्दल शिक्षा देताना न्यायालयाने त्यांची वकिली तीन वर्षे थांबवली होती. १९९८ मध्ये घटनापीठाने ते चूक ठरवले: अवमानाच्या अधिकारात सनद रोखता येत नाही, तो विषय बार कौन्सिलचा, आणि तोही कायद्याने आखलेल्या रीतीने. जे सर्वोच्च न्यायालयाला थेट करता येत नाही, तसले काही वकील संघाच्या कार्यकारिणीने तातडीच्या बैठकीत उरकावे, हे मला मुळीच मान्य नाही.

४. संघाचे सभासदत्व म्हणजे सनद नव्हे, हे खरे. पण बाररूम, ग्रंथालय, मतदान आणि चारचौघांतली पत त्यावर अवलंबून असते. बहिष्काराच्या दिवशी कोर्टात उभे राहिलेल्यावर सभासदत्व काढून घेण्याचे हत्यार उगारले जाते. संपात न येणाऱ्या वकिलाला हकालपट्टीची धमकीसुद्धा देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच बजावले आहे.

५. ज्याचे पैसे वकिलाने खरोखर बुडवले, त्या तक्रारदाराचेही हित आधी म्हणणे ऐकण्यातच आहे. न ऐकता काढलेला आदेश अपिलात टिकत नाही आणि दोषी माणूस त्या फटीतून सुटतो.

६. "व्यवसायाला न शोभणारे वर्तन" एवढ्या एका ओळीच्या नोटिशीला कोणी काय उत्तर देणार? कोणते प्रकरण, कोणती तारीख, कोणता कागद, हे नोटिशीत हवे. सोबत तक्रारीची प्रत आणि उत्तराला पुरेशी मुदत हवी. तक्रारदार किंवा त्याच खटल्यातला समोरचा वकील समितीत असेल, तर त्याने त्या दिवशी उठून जावे. आदेशात कारणे लिहावीत आणि अपील कुठे करायचे तेही लिहावे.