उभ्या गाडीची बॅटरी

दोस्तांनो, मे महिन्यात तुम्ही आजोळी मजा करता, तेव्हा दारातली गाडी नुसती उभी असते. तिची बॅटरी मात्र हळूहळू उतरतच असते बरं का! गाडीतलं घड्याळ थोडी वीज खातं, शिवाय बॅटरीच्या आतली रासायनिक क्रियाही थांबत नाही. बॅटरी उतरलेलीच राहिली, की शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे स्फटिक कडक होतात. मग ती पुन्हा पूर्वीसारखी भरत नाही. म्हणून गावी निघण्यापूर्वी मोठ्यांनी बॅटरी पूर्ण चार्ज करून निगेटिव्हची वायर सोडवून ठेवावी. तुम्ही मात्र हात लावायचा नाही हं! आत सल्फ्युरिक आम्ल असतं आणि चार्ज होताना निघणारा हायड्रोजन ठिणगीनंही पेटतो. तुमचं काम एकच, आठवण करून द्यायची!