कंबरेच्या कळा मुकाट्याने सोसायच्या का?



गाय विणार असली की आपण रात्रभर गोठ्यात जागतो. तिच्या पाठीवरून हात फिरवतो, अडलीच तर गुरांच्या डॉक्टरला बोलावणे धाडतो. पण बायकोला कळा सुरू झाल्या की आपण अंगणात येरझाऱ्या घालतो, आणि आतून कोणी म्हातारी सांगते, "सोस बाई, हव्वेपासून हे कोणाला चुकले आहे?" माझ्या मते ही रीत आपण मोडली पाहिजे.

काही वेळा बाळाचे डोके खाली असते, पण त्याची पाठ आईच्या पाठीकडे असते. मग डोक्याची मागची कठीण बाजू आईच्या कंबरेखालच्या हाडावर दाबते. अशा वेळी कळा पुष्कळदा कंबरेत भरतात, दोन कळांच्या मधेही ठणका राहतो, बाळंतपण लांबते. अशी बाई ओरडली तर ती कांगावा करीत नसते. धीर एवढाच की, बहुतेक बाळे कळा चालू असतानाच वळून नीट होतात.

तोवर तिने उताणे पडून राहू नये. चालावे, टेबलावर हात टेकून पुढे वाकावे, किंवा हातागुडघ्यांवर ओणवे राहावे. पाठीवरचा भार हलका होतो. थकल्यास कुशीवर निजावे. कळ आली की सोबतच्या माणसाने तळहाताने त्या हाडावर नेटाने दाबावे. जोर किती, ते तिने सांगावे. ऊन पाण्यात पिळलेले फडके ठेवावे, आधी आपल्या हाताला लावून पाहावे. पोटावर मात्र कोणी दाबू नये, आणि नर्सबाई सांगेपर्यंत जोर करायला लावू नये.

हे सारे दवाखान्यातच व्हावे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण आणि नेण्याआणण्याची गाडी २०११ पासून मोफत आहे. पाणी हिरवट गेले, रक्त जाऊ लागले, ताप आला किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर क्षणभर थांबू नये. बाळंतपणात बाईच्या पसंतीचे माणूस जवळ असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ साली सांगितले आहे.

राहिला हव्वेचा प्रश्न. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाचा दाखला देऊन बाईला वेदनेत एकटे टाकणे हा वचनाचा विपर्यास आहे. पोप बारावे पायस यांनी ८ जानेवारी १९५६ रोजी डॉक्टरांपुढे स्पष्ट केले होते की, प्रसूती सुसह्य करणारे उपाय वापरण्यास देवाने मातांना मनाई केलेली नाही. तेव्हा डॉक्टरांनी वेदना कमी करण्याचे औषध दिले तर ते घेण्यात पाप नाही. उपाय हाताशी असून तो न करणे, याचा मात्र आपण विचार करावा.

ज्यांच्या घरी दिवस भरत आले आहेत, त्या नवऱ्यांनी आज रात्रीच बायकोला विचारावे, "कुठे दाबू?" हात आधी शिकलेला असला की वेळेला उपयोगी पडतो.