‘चालते’ आणि ‘हेच पाहिजे’

दिवाळीच्या झाडलोटीत आमच्या घरी दर वर्षी एक लाकडी पेटी वादाला कारण होते. ती जिन्याखाली असते आणि तिच्यात वडिलांच्या मोटारीचे सुटे भाग आहेत. “यंदा तरी हे भंगार बाहेर काढा,” असे सौभाग्यवतींनी म्हणायचे आणि “पुढच्या वर्षी पाहू” असे मी म्हणायचे, हा विधी आता चकलीइतकाच ठरून गेला आहे. यंदा मात्र तो विषयच निघाला नाही. का, ते सांगतो.

मोटार म्हणजे १९६८ ची फियाट अकराशे. वडील नांदेडला वकिली करीत. त्या काळी मोटार घ्यायची म्हणजे आधी नाव नोंदवायचे आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहायची. मुलाच्या जन्माबरोबर नाव नोंदवावे, म्हणजे तो शाळेत जायला लागेपर्यंत गाडी दारात येते, असे वडिलांचे मित्र थट्टेने म्हणत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून ही अकराशे १९६४ पासून बाहेर पडू लागली. यंत्र १०८९ सी.सी.चे, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. हीच गाडी पुढे पद्मिनी झाली आणि काळ्या-पिवळ्या रंगात मुंबईभर धावली.

वडील गेल्यावर ती नऊ वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. गेल्या वर्षी लातूरला माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचे लग्न ठरले आणि आमच्या मातोश्रींनी, वय वर्षे चौऱ्याऐंशी, जाहीर केले, “नातीच्या लग्नाला मी ह्यांच्या गाडीतून जाणार.” आईचे म्हणणे घरात कोणी मोडीत नाही. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूर म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटर. हाती चार महिने होते.

आता खरा प्रश्न पुढे आला. नऊ वर्षे उभ्या गाडीचे निम्मे रबर मेलेले, बेअरिंगे गंजलेली. नवे भाग आणायचे कुठून? वाटा दोन. पुण्या-मुंबईकडे फक्त जुन्या फियाटचेच भाग ठेवणारे काही दुकानदार अजून आहेत, त्यांच्याकडून मागवायचे. किंवा गावातल्या दुकानात जाऊन, दुसऱ्या कुठल्या गाडीचा कोणता भाग मापाने जुळतो ते पाहून तो बसवायचा. ह्या दुसऱ्या वाटेला आमच्याकडे एकच शब्द आहे: ‘चालते’.

‘चालते’ पक्षाचे पुढारी म्हणजे आमचे लातूरचे दाजी. लातूरच्या एका डाळमिलमध्ये त्यांनी तीस वर्षे यंत्रांची देखभाल केली. त्यांच्याजवळ एक लांबट वही आहे. डाव्या रकान्यात मूळ भागाचा नंबर, उजव्या रकान्यात त्याच्या जागी काय चालते ते. वहीवर त्यांनी ‘भाऊबंद’ असे नाव घातले आहे. फोनवर म्हणाले, “दादा, मुंबईवाल्यांना पैसे देऊ नका. सगळं गंजगोलाईच्या आसपास मिळतं.”

आणि पाण्याच्या पंपाच्या बाबतीत त्यांनी ते खरे करून दाखविले. दुरुस्तीसाठी आम्ही पंप त्यांच्याकडे पाठविला होता. त्यांनी जुने बेअरिंग पुसले, त्यावरचा आकडा वाचला, आणि डाळमिलांना व शेतातल्या मोटारपंपांना माल पुरविणाऱ्या दुकानातून तासाभरात तसेच नवे आणले. ह्यामागचे शास्त्र त्यांनी मला समजावून दिले ते मोठे गमतीचे आहे. बेअरिंगवर ६२०४ असा आकडा असेल, तर शेवटच्या ०४ ला पाचाने गुणायचे. आतले भोक वीस मिलिमीटरचे. बाहेरचा व्यास ४७ आणि जाडी १४, हेही त्या आकड्यातच ठरलेले. कोणत्याही देशात, कोणत्याही कंपनीने केलेले ६२०४ घ्या, माप तेच. (०३ आणि त्याखालच्या आकड्यांना हा गुणाकार लागू नाही, ६२०३ चे भोक सतरा मिलिमीटरचे असते.) घरच्या छताच्या पंख्यात बहुधा ६२०२ असते, हे ऐकल्यापासून आमच्या सौ. पंखा कुरकुरला की मिस्त्रीला आकडा विचारतात. आकड्यापुढच्या अक्षरांकडे मात्र लक्ष द्यावे लागते: दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे की रबराची, आत मोकळीक किती. तेलाच्या सीलचेही तसेच. त्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ओळीने छापलेली असते. असे भाग मुंबईहून मागविणे म्हणजे नांदेडात केळी पिकत असताना ती पार्सलने आणविण्यासारखे!

स्पार्क प्लगच्या पानावर दाजींची वही थोडी अडखळते. बॉशचा डब्ल्यू ७ डी.सी., एन.जी.के.चा बी.पी. ६ ई.एस. आणि चॅम्पियनचा एन ९ वाय.सी. हे सख्खे भाऊ. एकाच्या जागी दुसरा बसतो. पण एन.जी.के.मध्ये आकडा वाढला की प्लग थंड होत जातो आणि बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. तेव्हा नुसते ‘एक नंबर वरचा द्या’ म्हणून भागत नाही, कोणाचा वरचा ते सांगावे लागते.

ह्या यशाने मी फुशारलो. ब्रेकच्या चाकाजवळच्या रबरी नळ्या बदलायच्या होत्या. गावातल्या एका गॅरेजवाल्याने जुनी नळी हातात घेऊन दुकानात नेली, लांबी जुळवली, तोंड जुळवले, आणि “अँबॅसडरची आहे, पण चालते” म्हणून एक नळी बसवून दिली. मीही मान डोलावली. आटे गेले, पान्याने आवळले, शेवटी घट्टही झाले.

दोन दिवसांनी मी एकटाच विष्णुपुरीपर्यंत फेरी मारायला निघालो. परत येताना समोर ऊस भरलेला ट्रॅक्टर वळला. ब्रेक दाबला, पहिल्यांदा लागला, आणि मग पायाखालचा दांडा सरळ तळापर्यंत गेला. ह्या जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकला तेलाची एकच वाट असते. एका ठिकाणी तेल सांडले की चारही चाके गेली. दुसरा गिअर, हातब्रेक, आणि डावीकडची मुरमाची साइडपट्टी, अशा तिघांनी मिळून गाडी थांबविली. ट्रॅक्टरवाल्याने मागे वळूनही पाहिले नाही. मी मात्र बराच वेळ स्टिअरिंग धरून बसून होतो. मागच्या रिकाम्या सीटकडे पाहण्याचा मला धीर झाला नाही.

देगलूर नाक्यावरचे एक म्हातारे मिस्त्री गाडी ओढून घेऊन गेले. त्यांनी निखळलेले टोक पुसून आट्यांवर दातेरी गेज धरला आणि माझ्यापुढे केला. अँबॅसडर मोरिसच्या घराण्यातली, म्हणजे इंचाची. फियाट इटलीची, म्हणजे मिलिमीटरची. नळीचे टोक तीन-अष्टमांश इंचाचे, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. आमच्या सिलिंडरचे भोक दहाचे. इंचाला चोवीस आटे म्हणजे दोन आट्यांतले अंतर १.०६ मिलिमीटर, आणि इकडे बरोबर १. इतक्या थोड्या फरकाने बारीक टोक मोठ्या भोकात सहज शिरते, शेवटी जरा अडकते आणि हाताला वाटते, घट्ट बसले. प्रत्यक्षात आट्यांची फक्त टोके एकमेकांना धरून असतात. जोराने ब्रेक दाबला की सुटतात. “घट्ट होना और बैठना, दो अलग बातें हैं साब,” एवढेच मिस्त्री बोलले.

रात्री लातूरला फोन केला. दाजी पुष्कळ वेळ गप्प होते. मग म्हणाले, “वहीत ती नळी मीच लिहिली होती. लांबी मोजली होती, आटे नव्हते मोजले.” गॅरेजवाल्याने वही पाहिली नव्हती, पण माणूस वेगळा असला तरी चूक तीच.

म्हणजे ‘हेच पाहिजे’ पक्ष जिंकला, असे वाटेल. तेही तितकेसे खरे नाही. ब्रेकच्या सिलिंडरातले रबरी कप मी त्याआधीच एका दूरच्या दुकानदाराकडून मागविले होते. दुप्पट किंमत देऊन, ‘मूळ कंपनीच्या बंद डब्यातले’ म्हणून. डबा अगदी मूळचा होता, आणि रबरही डब्याइतकेच जुने. बोटाने वाकविताच त्याला चीर गेली. लोखंड डब्यात तीस वर्षे राहिले तर फारसे बिघडत नाही. रबर मात्र न वापरताच म्हातारे होते. जुना साठा घ्यायचा तो धातूचा, रबर नेहमी ताज्या घडणीचे, हे मला तेव्हा कळले.

शेवटी मिस्त्रींनी एका विशेष दुकानदाराचा फोन दिला. त्याने किंमत सांगण्याआधी मलाच उलटे प्रश्न विचारले. गाडी नेमकी कोणत्या सालची? सिलिंडर उघडून व्यास मोजला का? पूर्वी कोणी बदलला आहे का? नळीच्या दोन्ही टोकांचे फोटो, शेजारी पट्टी ठेवून. मास्टर सिलिंडर मोठ्या व्यासाचा बसविला तर पाय कडक लागतो आणि तितक्याच जोराला ब्रेक कमी लागतो, हे त्यानेच सांगितले. मी त्याला चाकाचे बेअरिंगही मागितले. तो म्हणाला, “ते माझ्याकडून घेऊ नका. नंबर वाचा आणि तुमच्या गावात घ्या, स्वस्त पडेल.” ज्या दुकानदाराने एक वस्तू विकायचे नाकारले, त्याच्याकडून दुसरी वस्तू डोळे मिटून घ्यावी असे माझे मत झाले. दुसऱ्या आठवड्यात ट्रॅव्हल्सच्या गाडीने पार्सल आले.

असे दुकानदार आता किती दिवस टिकणार, ही चिंता आहे. फियाटचे भाग इतकी वर्षे मिळत राहिले ते तुमच्या-माझ्या हौसेमुळे नव्हे, मुंबईच्या टॅक्सींमुळे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या कचेरीत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. रोज हजारो ब्रेक झिजत होते तोवर रबर घडविणारा कारखानदारही होता. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात हवी, मोठी फेरफार नको. आणि तशी नोंदविली की रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. आम्ही ते केले नाही. आमची गाडी नेहमीच्या नोंदणीवरच आहे, कारण तिला प्रदर्शनात नाही, लातूरला जायचे होते.

लग्नाच्या आधी दाजी वही घेऊन नांदेडला आले. त्यांनी पट्टीने प्रत्येक पानावर तिसरा रकाना आखला होता आणि वर लिहिले होते: ‘चुकले तर?’ बेअरिंगापुढे ‘आवाज येईल’, पंख्याच्या पट्ट्यापुढे ‘गाडी तापेल, थांबवावी’, सीलपुढे ‘तेल गळेल’. ब्रेकच्या पानावर उजवा रकानाच त्यांनी काट मारून बंद केला होता. जिन्याखालची पेटी त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून लावली: धातू एका बाजूला, रबर केराच्या टोपलीत. सौ.नी दोघांनाही न मागता चहा दिला.

लग्नाच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो. लोह्यापर्यंत मी चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही आणि प्रत्येक गतिरोधकाच्या फार आधीच ब्रेकवर पाय ठेवला. मागे आई आणि सौ. बसल्या होत्या. चाकूर मागे पडले तेव्हा आईने सीटवरून हात फिरविला आणि म्हणाली, “हे कापड आपलं नाही. आपलं निळं होतं, बारीक रेघांचं.”

“आई, ते आता मिळत नाही,” मी म्हणालो. “हे चालते.”

“तुला चालत असेल,” ती म्हणाली, आणि लातूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली.