काय उजेड पाडलात, काका!

‘काय उजेड पाडलास!’ हे मराठीत कुणी कौतुकाने म्हणत नाही. आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक होतं, आपल्याला मात्र एलईडी स्वस्त झाल्यावर कळलं. पूर्वी अंगणात चाळीसचा एक पिवळा बल्ब असायचा, तोही लोडशेडिंगच्या मर्जीने. आता ५० वॉटचा फोकस कुणालाही परवडतो आणि तो जवळपास ५००० लुमेन उजेड ओततो. म्हणजे जुने साठचे सहा-सात बल्ब एकाच जागी. बागेतली पायवाट दिसायला शे-दोनशे लुमेन पुरतात, बॉस!

तासगावला आमच्या घराशेजारी असा एक सूर्य गेल्या पावसाळ्यात उगवला. शेजारचे काका द्राक्षबागायतदार. ट्रॅक्टर आणि फवारणीचा ब्लोअर कंपाउंडमध्येच उभा असतो. एका रात्री ट्रॅक्टरची बॅटरी गेली आणि दुसऱ्या दिवशी फोकस आला. कुणीही हेच केलं असतं. फक्त तो लागला भिंतीवर उंच आणि आडवा, तोंड थेट आमच्या परसबागेकडे.

परसबाग म्हणजे काय, तर एक झोपाळा, कढीपत्ता, जास्वंद आणि आईच्या शेवंतीच्या बारा कुंड्या. रात्री जेवणं उरकली की आई गाऊन घालून झोपाळ्यावर बसणार, मागच्या गल्लीतली काकू येणार, आणि अख्ख्या गावाचा हिशेब होणार. दिवसभरातला तेवढाच एक तास तिचा स्वतःचा. मी वीकेंडला पुण्याहून गेले, तर दोघी स्वयंपाकघरात पंख्याखाली बसलेल्या.

“बसायचं कसं गं तिथं? स्टेजवर बसल्यागत वाटतंय. गाऊनवर ओढणी घेऊन हवा खायची, ती कसली हवा?”

यातली गंमत अशी की आईकडे कुणी बघत नव्हतं. काका नऊला झोपतात. पण उजेडातल्या माणसाला अंधारातलं काही दिसत नाही आणि अंधारातल्याला उजेडातलं सगळं दिसतं. समोरच्या गच्चीवर कुणी आहे की नाही, हे आपल्याला कळू शकत नाही, आणि तेवढं पुरतं. जुन्या वाड्यांना हा प्रश्नच नव्हता, चौक मधोमध आणि खोल्या भोवती. आपण बंगले बांधले, बाग बाहेर काढली आणि कंपाउंडची भिंत ठेवली छातीएवढी.

कायदा काय म्हणतो? १८८२ च्या इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्टमध्ये कलम १८ खाली एक उदाहरण चक्क याच विषयाचं आहे. गावात तशी रूढी असेल, तर शेजाऱ्याच्या घराचा खाजगी भाग दिसेल अशी नवी खिडकी काढता येत नाही. १८८८ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने गोकल प्रसाद खटल्यात हा रूढीचा हक्क मानला होता. पण ते खिडकीबद्दल. इंग्लंडमध्ये २००६ पासून त्रासदायक दिव्याची तक्रार थेट कौन्सिलकडे करता येते. आपल्याकडे दिव्यासाठी असा वेगळा कायदा नाही. आणि असता तरी काय? तासगावात शेजाऱ्यावर तक्रार करून परत त्याच घरात राहायचं असतं!

मग बोलायचं कसं? आईची सक्त ताकीद होती, “गाऊनचं नाव काढायचं नाही.” इथे शेवंती धावून आली. दिवाळीला घरामागच्या चार कुंड्या पिवळ्याधमक झाल्या होत्या आणि भिंतीकडच्या आठ नुसत्याच हिरव्या. शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते. रात्रभर दिवा असला की तिला वाटतं अजून उन्हाळाच चालू आहे. फुलांचे व्यापारी उत्पादक हाच फंडा वापरून तिचा बहर मुद्दाम लांबवतात. ड्रॅगन फ्रूटचं नेमकं उलटं. व्हिएतनाममध्ये बिगरहंगामी फळासाठी त्याच्या बागांत रात्री दिवे लावतात.

काकांना कुंड्या दाखवल्या. माणूस हाडाचा शेतकरी, दोन मिनिटांत पटलं. “आयला, माझ्या लायटीनं व्हय? आधी सांगायचं न्हाई का, पोरी!” प्रायव्हसी हा शब्द मी उच्चारलाही नाही. तो उच्चारला असता, तर काकांना वाटलं असतं आपल्यावर आळ घेतायत, आणि आई-काकूंची वाटीभर भाजीची देवाणघेवाण तिथेच संपली असती.

फोकस आता खाली ट्रॅक्टरकडे वाकलाय. वर पत्र्याचं टोपडं आहे आणि सेन्सर बसवलाय, माणूस हलला की लागतो. चोरालाही अचानक लागणाऱ्या दिव्याचीच जास्त भीती. पांढऱ्याऐवजी २७०० केल्विनचा पिवळसर दिवा घेतला, त्यावर किडेही कमी येतात. आमच्या बाजूला मी एकच छोटा दिवा लावला, तोही झोपाळ्याजवळ नाही, तर भिंतीलगतच्या जास्वंदीवर. बाहेरून बघणाऱ्याची नजर उजळलेल्या पानांवर अडते आणि झोपाळा अंधारात राहतो. तुमच्या फ्लॅटच्या टेरेसवरही करून बघा. बसायची जागा सोडून कठड्याजवळची झाडं उजळा.

मधल्या काळात काकांच्या मुलाने गेटच्या खांबावर कॅमेरा बसवलाय. त्याच्या चौकटीत आमचा अर्धा झोपाळा येतो. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा घरगुती वापराला लागू नाही, त्यामुळे तिथे काही हाती लागत नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये मात्र प्रायव्हसी मास्क असतो, नको तेवढा भाग काळा करता येतो. पाच मिनिटांचं काम. पण कॅमेऱ्यासाठी शेवंती कामाची नाही. आईने ठरवलंय, संक्रांतीला तिळगूळ द्यायला जाईल तेव्हा सूनबाईच्या कानावर घालायचं.