आठवड्याची पुडी आठवड्यालाच

बंदिस्त खोलीतल्या कोंबडीच्या पिलांना खाद्यातून ड-३ जीवनसत्त्व मिळाले नाही, तर ती पायांत अधू होतात, हे आपण जाणताच. गेल्या महिन्यात हाच विषय माझ्या घरी माणसांच्या बाबतीत निघाला.

माझ्या थोरल्या वहिनींचे वय ६६. झिजलेल्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झाली. रक्तात ड जीवनसत्त्व कमी निघाले. "भाऊजी, जन्म उन्हात गेला, मग कमी कसं?" असे त्यांनी विचारले. पण गेली चार वर्षे गुडघ्यापायी त्या घराबाहेर पडल्याच नव्हत्या. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन याला उपयोगी नाही, शिवाय उतारवयात कातडी हे जीवनसत्त्व कमी तयार करते.

डॉक्टरांनी ६०,००० युनिटच्या ८ पुड्या दिल्या, आठवड्याला १. चिठ्ठीवरचे अक्षर कोणाला लागले नाही. ताकदीचीच तर आहे म्हणून वहिनी रोज एक दुधातून घेत होत्या. मी गेलो तेव्हा पाच संपल्या होत्या! माझी नोकरी खताची मात्रा सांगण्यात गेली, आणि माझ्याच घरी ही तऱ्हा. तातडीने डॉक्टरांना विचारले, पुड्या थांबवल्या, रक्तातले कॅल्शियम तपासले. सुदैवाने ते ठीक होते.

हे जीवनसत्त्व शरीरातील चरबीत साठते, लघवीवाटे लवकर निघून जात नाही. फार झाले की रक्तात कॅल्शियम वाढते. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, वारंवार लघवी ही त्याची लक्षणे. मूत्रपिंडालाही इजा होते. मुतखडा झालेला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे, हाडांना ते लागते. पण पुडीने झिजलेली कूर्चा परत येत नाही. अमेरिकेत बोस्टनला गुडघेदुखीच्या १४६ रुग्णांवर दोन वर्षे चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला: ड जीवनसत्त्वाने ना दुखणे कमी झाले, ना कूर्चेची झीज. शस्त्रक्रियेनंतर गुडघा वाकतो तो व्यायामानेच. टाच गादीवरून मागे ओढणे, पाय सरळ ठेवून उचलणे, वॉकर धरून चालणे, हे शिकवल्याप्रमाणे रोज करावे. दुखते म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन पडू नये. बरे वाटते खरे, पण पाय पुरता सरळ होत नाही. वहिनींची उशी मीच काढून घेतली. दोन दिवस बोलल्या नाहीत!

आता त्या वॉकर घेऊन गोठ्यापर्यंत जातात. उरलेल्या पुड्या डॉक्टरांनी सांगितल्यावर पुन्हा सुरू होतील, तोवर त्या सुनेच्या कपाटात आहेत.